खंडेराव मार्केटातलं निरीक्षण: डावं पान, उजवं पान

भाजीबाजारात घासाघीस कोण करतं आणि कशी, एवढाच लघुप्रबंधाचा प्रश्न होता. जागा, बडोद्याचं खंडेराव मार्केट. पुढच्या देखण्या इमारतीत महानगरपालिका, मागे भाजीवाले. त्यामुळे वही घेऊन उभं राहिलं की आपण पालिकेचेच. टोपल्या आत ओढल्या जातात, भावही सरळ सांगितले जातात. विक्रेत्यांना काम समजावून परवानगी घेतली, तरी पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी मोजणीत धरल्या नाहीत. गिऱ्हाइकांची नावं कुठेच टिपली नाहीत.

पहिली अनुसूची, म्हणजे निरीक्षण भरायचा तक्ता, फसली. ‘घासाघीस: हो/नाही’ असा एकच रकाना. नुसतं “शुं भाव?” विचारणं ही घासाघीस नव्हे. भाव ऐकून कमी आकडा बोलणं, पाठ फिरवून चार पावलं जाणं आणि पैसे देऊन झाल्यावर वर कोथिंबीर-मिरची मागणं, हे तीन वेगळे प्रकार. तिसऱ्यात भावाचा शब्दच निघत नाही, म्हणून तो ‘नाही’त जमा होत होता. आणि दर तिसरंच गिऱ्हाईक टिपायचं. नाहीतर नजर मोठ्याने भांडणाऱ्यांकडेच जाते.

पंधरा मिनिटं पाहायचं, दहा मिनिटं बाजूला जाऊन टाचण. डाव्या पानावर फक्त दिसलं-ऐकलं ते: ‘वांगं उचललं, देठ दाबला, परत ठेवलं. “त्रीसमां आपो ने.” विक्रेता तराजूकडे बघतो.’ उजव्या पानावर आपला तर्क: ‘देठ जून निघाला, की भावासाठी दाखवलेली नापसंती?’ ‘बाई वैतागली’ हे वाक्य डावीकडे चालत नाही. वैताग दिसत नाही, कपाळाची आठी दिसते.

टाचणाचं पूर्ण टिपण त्याच रात्री. तासाभराच्या पाहण्याला लिहायला दोन-अडीच तास जातात. एकदा दुसऱ्या दिवसावर ढकललं, तर वहीतली गुजराती गिऱ्हाइकं शुद्ध मराठी बोलू लागली!

मग जोडीदाराबरोबर पडताळणी: तेच व्यवहार दोघांनी वेगवेगळे टिपायचे आणि नोंदी जुळतात का पाहायचं. समजा ४० व्यवहारांत दोघांचं ३४ वेळा जमलं: ८५ टक्के, छानच. पण दोघांनीही ३२ वेळा ‘हो’ लिहिलं असेल, तर निव्वळ योगायोगानेही ६८ टक्के जमतं. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून उरलेलं एकमत मोजणारा आकडा, निघतो ०.५३ (पूर्ण एकमत म्हणजे १). अशा वेळी माणसं बदलू नका, व्याख्या बदला. आमचा घोळ ‘पाठ फिरवणं’ यात होता; चार पावलांची अट तेव्हा आली.

टिपणांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. इथल्या विद्यापीठात १९५१ साली समाजशास्त्र विभाग सुरू करणारे एम. एन. श्रीनिवास यांच्या रामपुरा गावावरच्या संस्कारित (कच्च्या नोंदींवरून नीट लावलेल्या) टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० साली स्टॅनफर्डच्या एकाच आगीत जळाल्या. माझी एक वही विभागातल्या कपाटात, झेरॉक्स दांडिया बाजारात घरी, फोटो मेलवर.