टाळूची गाठ आणि मेणाचा ब्लॉक

माझ्या टाळूवर उजवीकडे सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, फक्त तेवढी जागा बधिर वाटायची. सांगलीत एका दातांच्या डॉक्टरांनी दाढेचा गळू म्हणून गोळ्या दिल्या. गाठ पंधरा दिवसांत उतरली नाही आणि सोबत बधिरपणा असला, तर गोळ्यांचा दुसरा कोर्स घेत बसू नका, तुकडा काढून तपासायला द्या. सुईच्या तपासणीत माझं नुसतं ‘लाळग्रंथीची गाठ’ एवढंच आलं. लाळग्रंथीच्या कॅन्सरचेच वीसच्या वर प्रकार आहेत, सुट्या पेशींवरून नेमका कुठला ते ठरवणं अवघड. बायोप्सीत नाव आलं, अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा.

“तंबाखू खात होतास का?” हे प्रत्येकानं विचारलं. या प्रकाराचा तंबाखूशी ठोस संबंध आढळलेला नाही. हा वाढतो सावकाश, पण नसेला, म्हणजे मज्जातंतूला, धरून सरकतो, बधिरपणा त्याचाच. म्हणून नुसत्या सीटीवर भागत नाही. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) देऊन एमआरआय लागतो, तोही कवटीच्या तळापर्यंतचा. आदल्या दिवशीच क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून ठेवा, नाहीतर कॉन्ट्रास्टसाठी खोळंबा होतो. छातीचा सीटीही हवाच, कारण हा मानेतल्या गाठींपेक्षा फुफ्फुसात जास्त जातो.

नाव दुर्मीळ असलं की स्लाइड (बायोप्सीच्या तुकड्याची काच) दुसरीकडे दाखवल्याशिवाय ऑपरेशन करू नये, कारण किती कापायचं ते या नावावरच ठरतं. मी परळला टाटामध्ये दाखवायचं ठरवलं. लॅबनं हातात दोन रंगवलेल्या स्लाइड ठेवल्या. तेवढ्यावर पुढच्या तपासण्या होत नाहीत. बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागायचा. काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, वर पांढरं मेण, त्यात तांदळाएवढा तपकिरी तुकडा. कडेला नंबर असतो, तो रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच काउंटरवर जुळवून घ्या. माझा एका आकड्यानं चुकला होता. ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवायचा नाही, मेण आहे ते. स्लाइड कागदात गुंडाळल्या तर फुटतात, प्लास्टिकची डबी मागा. एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडीही घ्या. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून दादरला उतरलं की परळ जवळच.

ऑपरेशन मिरजेला झालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसवायचं असेल तर मंजुरी ऑपरेशनच्या आधी. बिल भरून नंतर पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं आहे का, हे आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) जायच्या आधीच बघा.

टाळूचा तुकडा काढला की तोंड आणि नाक एक होतं. पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. ते भोक झाकायला दातांच्या कवळीसारखी प्लेट लागते, आणि तिचं माप ऑपरेशनआधी घ्यावं लागतं. ही गोष्ट आपण विचारली नाही तर राहून जाऊ शकते. प्लेट प्रत्येक जेवणानंतर धुवायची. पण काढून ठेवून झोप काढू नये: सुरुवातीच्या दिवसांत जखम आकसते आणि सकाळी प्लेट बसत नाही. पक्की प्लेट काही महिन्यांनी.

ऑपरेशननंतर शेक (रेडिएशन) साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असं बघतात. माझे ३३ झाले, आठवड्याला पाच. खराब दाढा आधीच काढून घ्या आणि हिरडी भरायला दोनतीन आठवडे द्या. शेकानंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड सडू शकतं. शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा मास्क करतात, तो करायला जाताना दाढी करून जा, वाढवून गेलात तर नंतर तो सैल होतो. वजन उतरलं तरी सैल होतो, मग नवा करावा लागतो. तिसऱ्या आठवड्यापासून चव गेली. तिखट बंद, नाचणीची आंबील, गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली भाकरी. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, दर दोनतीन तासांनी चूळ. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि एकेक वाढवायची. हा व्यायाम शेक संपल्यावर सोडला की तोंड मिटत जातं.

पाच वर्षं झाली की सुटलो, हा हिशोब इथे चालत नाही. हा दहा-पंधरा वर्षांनीही फुफ्फुसात दिसू शकतो. छातीच्या प्रत्येक सीटीला जुनी सीडी बरोबर न्यायची, कारण तीन मिलिमीटरचा ठिपका नवा की जुना, हे जुन्या फोटोशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.