ॲम्पच्या डोक्यावरची जागा

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा जसा 'जरा सरका' म्हणत टेकतो, तसंच आपल्या घरांत प्रत्येक सपाट जागेवर काहीतरी येऊन टेकतं. फ्रिजवर औषधांचा डबा, वॉशिंग मशीनवर घड्या व्हायचे कपडे, इन्व्हर्टरवर रद्दी. मग हॉलमधल्या शोकेसवर ४३ सेंटिमीटर रुंदीचा, काळा, भक्कम दिसणारा ॲम्प्लिफायर, म्हणजे गाण्याला बळ देऊन स्पीकरकडे धाडणारा ॲम्प, मोकळ्या टपाने बसलेला कुणाला बघवणार? आधी क्रोशाचा रुमाल येतो. रुमालावर फुलदाणी येते. फुलदाणीत पाणी असलं तर पुढचं न बोललेलंच बरं.

ॲम्पच्या टपावर ज्या फटी असतात त्या शोभेच्या नसतात. ॲम्प नुसता चालू असला, गाणं लावलेलं नसलं, तरी तो थोडी वीज खात असतो. जेवणं उरकल्यावर हळू आवाजात बागेश्री ऐकत बसावं, तर स्पीकरकडे जेमतेम एखादा वॉट जातो आणि सॉकेटमधून सहज ३०-४० वॉट ओढले जातात. उरलेल्याची उष्णता होते. घरगुती ॲम्पमध्ये बहुधा पंखा नसतो. खालच्या फटींतून गार हवा आत यायची, तापून वरून निघून जायची, एवढीच सोय. वरचं तोंड बुजवलं की सगळं अडलं. गंमत म्हणजे लगेच काहीच बिघडत नाही. बागेश्री चालूच राहते. आत पॉवर सप्लायमधले, वीज साठवून धरणारे कॅपेसिटर मात्र वेगाने म्हातारे होत असतात. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. पाच-सात वर्षांनी आवाज बसतो, घरघर सुरू होते आणि बोल लागतो कंपनीला. रुमालावर कुणी संशयसुद्धा घेत नाही.

जागा कमी असली की पेट्या एकीवर एक चढवाव्याच लागतात. पेच असा, की ॲम्प घरातली सगळ्यात जड पेटी, म्हणून तो तळाला हवा; आणि सगळ्यात गरमही तोच, म्हणून वर हवा. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. माझं मत विचाराल तर उष्णतेचं ऐकावं. सीडी प्लेयर आणि कॅसेट डेक खाली, ॲम्प वर. पण आठ-दहा किलोंचा ॲम्प दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचा तर ती पाठ तपासावी लागते. सीडी प्लेयरचं वरचं झाकण पातळ पत्र्याचं असतं, मध्यभागी दाबलं की लवतं. ॲम्पचे पाय त्या पत्र्याच्या कडांवर, बाजूच्या भिंतींच्या वर यायला हवेत. ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा एका कुशीला असतो, त्यामुळे उचलताना वजन भलतीकडे झुकतं, तेवढा अंदाज घ्यावा.

ऐंशीच्या दशकात आखातातून परतणारी मंडळी काचेच्या दाराची, मजल्या-मजल्यांची 'सिस्टिम' घेऊन यायची. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत तिचा मान देवघराच्या खालोखाल असे. आम्ही तोंडात बोट घालून बघायचो. त्यातल्या कित्येकांत ट्यूनर, डेक, ॲम्प असे मजले नुसते दर्शनी असत. मागून बघितलं तर सगळी एकच पेटी. रचनेचा प्रश्न कंपनीने तिथेच मिटवलेला.

आपल्याला तो सुताराकडे मिटवावा लागतो. १८ एमएम प्लायचे उरलेले तुकडे कुठल्याही सुताराच्या पायाशी पडलेले असतात. दोन-दोन तुकडे एकमेकांना चिकटवून चार ठोकळे केले की दोन पेट्यांमध्ये साडेतीन सेंटिमीटरची फट मिळते. एरवी गार राहणाऱ्या सीडी प्लेयरवर एवढी फट भागते. ॲम्पच्या वर मात्र वीतभर तरी जागा मोकळी हवी, आणि काचेचं दार असलं तर ते उघडं.

रुमाल-पक्षाचीही एक बाजू आहे, ती नाकारता येत नाही. पावसाळ्यात उबदार, अंधाऱ्या ॲम्पकडे झुरळं आणि पाली आपसूक ओढल्या जातात. पॉवर सप्लायवर आडवी पडलेली पाल फ्यूज उडवते आणि स्वतःही जाते. तेव्हा तह असा: ॲम्प बंद करून गार झाला की रुमाल घाला, लावण्याआधी काढा. घरात हे कलम निम्म्या वेळा पाळलं जातं.

राहिला रेकॉर्ड प्लेयर. त्यालाही वरच बसायचं असतं, कारण त्याचं झाकण उघडतं. पण ॲम्पवर त्याला बसवू नये. रेकॉर्डवर टेकणाऱ्या सुईच्या डबीतून, म्हणजे नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, ते फोनो स्टेजमध्ये, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरसाठीच्या खास भागात, साधारण शंभरपट होतात. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो वाजवताना भरून काढावा लागतो. त्यामुळे ५० हर्ट्झच्या आसपासचं सगळं मधल्या सुरांच्या सातपट उचललं जातं. खाली ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र नेमकं याच ५० हर्ट्झवर हेलकावतं, कार्ट्रिज ते टिपतं आणि स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर फार खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. शेजारच्याच काळी चारमधल्या गाण्यामागे तो सतत धरून ठेवलेला सूर ऐकवत नाही. प्लेयरला भिंतीवर वेगळी फळी ठोकून द्यावी; पावलांचे हादरेही टळतात.

हल्ली क्लास डी नावाच्या नव्या पद्धतीचे ॲम्प आलेत. घेतलेल्या विजेतला ९० टक्के भाग स्पीकरपर्यंत पोचवू शकतात, त्यामुळे फारसे तापत नाहीत आणि तळहातावर मावतात. मुलाने एक आणून लावला. छान वाजतो, अगदी दृष्ट लागण्याजोगा. फक्त इतका हलका आहे, की जाड स्पीकर वायरींच्या ताणाने फळीवरून मागे घसरत जातो. तो जागेवर राहावा म्हणून सध्या त्याच्यावर बायकोने फुलदाणी ठेवली आहे. पाण्याशिवाय, एवढं मी मिळवलं.