तुम्ही विचारलंत म्हणून: तेच म्यूझिकल परत परत का बघायचं?

न्यू जर्सीत मंडळाचा गणपती असो की पुण्याहून आलेले पाहुणे, माझं ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांचं, वेड कळलं की एक प्रश्न ठरलेला. अगं एवढे डॉलर घालून जुनीच म्यूझिकल, म्हणजे गाण्यांची नाटकं, कशाला बघतेस, गोष्ट माहीत, गाणी पाठ, त्यात नवीन काय असतं? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की तू नाटक बघायला जातेस की स्टार बघायला? दारात चपला घालता घालता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

'जिप्सी' हे म्यूझिकल घ्या. 1959 सालचं, संगीत ज्यूल स्टाइनचं, गाणी तरुण स्टीव्हन साँडहाइमची, संहिता आर्थर लॉरेन्ट्सची. रोझ नावाची एक बाई, दोन मुली, आणि व्होडव्हिलचा जमाना, म्हणजे गावोगाव फिरून नाच-गाणी-नकला करायची ती करमणूक. धाकटी जून स्टार झालीच पाहिजे हा रोझचा हट्ट. ती एक दिवस लग्न करून पळून जाते, मग रोझ थोरल्या लुईझच्या मागे लागते, तोवर व्होडव्हिलच मरायला टेकलेलं असतं, आणि लुईझ शेवटी बर्लेस्कमध्ये कपडे उतरवणारी मोठी स्टार होते. आईची गरज कुणालाच उरत नाही. मग रिकाम्या स्टेजवर रोझ एकटी उभी राहून 'रोझेस टर्न' गाते, की माझी वेळ कधी येणार? आता ही बाई पोरींचं बालपण खाणारी आहे की स्वतःचं राहून गेलेलं आयुष्य त्यांच्यात शोधणारी, ते संहितेत कुठेही सांगून टाकलेलं नाही. ते प्रत्येक नटीनं स्वतः ठरवायचं. मी त्याच्यासाठी जाते.

पहिली रोझ एथेल मर्मन, तिचा आवाज आजही रेकॉर्डवर ऐकला तर खोली भरून जाते. 1974 ला अँजेला लॅन्सबरीनं काय केलं बघा. 'रोझेस टर्न' संपतं, टाळ्या पडतात, ती वाकून नमस्कार करते, टाळ्या थांबतात आणि ती वाकतच राहते, हसत, परत परत. प्रेक्षकांच्या हळूहळू लक्षात येतं की ह्या टाळ्या तिच्या डोक्यात चालू आहेत. एक ओळ बदललेली नाही, एक सूर बदललेला नाही, आणि बाई वेगळीच झाली! मग 1989 ला टाइन डेली, टीव्हीवर पोलीस म्हणून घराघरात गेलेली. 2003 ला बर्नाडेट पीटर्स, लहानखुरी, लाडिक, आणि तिच्यावरून चाहत्यांमध्ये जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, की रोझ अशी नाजूक असतेच कशी. मला विचाराल तर नाजूक दिसणारी बाई जेव्हा हट्टाला पेटते तेव्हा जास्त भीती वाटते. 2008 ला पॅटी ल्यूपोन, दिग्दर्शक खुद्द लॉरेन्ट्स, वय 90. लॅन्सबरी, डेली, ल्यूपोन तिघींना टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सर्वात मोठं पारितोषिक, मिळालं, मर्मनला आणि पीटर्सला नाही, आणि हे दुःख लोक अजून उगाळतात.

आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज खरं तर पडू नये. 'नटसम्राट'मध्ये लागूंचे अप्पा की दत्ता भटांचे, यावर ज्यांनी दोघांना पाहिलंय ती मंडळी अजून हमरीतुमरीवर येतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की नाटक तर तेच होतं.

आणि मग 'जिप्सी'त रोझ म्हणून आली ब्रॉडवेची गायिका-नटी ऑड्रा मॅक्डोनल्ड. डिसेंबर 2024, 44व्या स्ट्रीटवरचं मॅजेस्टिक थिएटर, जिथे 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे म्यूझिकल 35 वर्षं चाललं. दिग्दर्शक जॉर्ज सी. वुल्फ. ब्रॉडवेवरची पहिली कृष्णवर्णीय रोझ. जूनसोबत नाचणारी लहान काळी मुलं दिव्यांच्या लखलखाटात बघता बघता मोठी होतात आणि मोठी झालेली पोरं गोरी असतात, कोणी त्यावर एक शब्द बोलत नाही. पोरगी पुढे जावी म्हणून आईनं काय काय मागे टाकलं ते त्या काही सेकंदांत कळतं. ऑड्राचं शिक्षण ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या नामांकित संगीतशाळेतलं, पाश्चात्त्य शास्त्रीय गळा, त्यामुळे निम्मे चाहते म्हणाले हा आवाज रोझचा नाही, रोझ छातीतून फेकायला हवी, वरच्या सुरांना ही ऑपेराकडे वळते. मी बाल्कनीत बसून ऐकलंय. 'रोझेस टर्न'मध्ये 'मामा' या शब्दाशी रोझ अडखळते, ते अडखळणं लिहिलेलंच आहे, पण ऑड्रा तिथे अडखळली तेव्हा मला गाणं ऐकू येईना, फक्त एक आई दिसत होती जिला पुढचा शब्द सापडत नाहीये. सूर कुठून लागला ह्याचा हिशेब मी तिथे सोडून दिला.

पण टोनी तिला नाही मिळालं! ते गेलं समोरच्या थिएटरात, अगदी शब्दशः समोर, सेंट जेम्समध्ये, 'सनसेट बुलेवार्ड'च्या निकोल शेरझिंगरला. पॉप ग्रुपमधली गायिका, जेमी लॉइडचं दिग्दर्शन, सेट जवळजवळ नाहीच, भला मोठा पडदा आणि त्यावर लाइव्ह कॅमेरा. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला टॉम फ्रान्सिस गात गात थिएटरबाहेर पडून खऱ्या 44व्या स्ट्रीटवर चालायचा आणि आत आम्ही ते पडद्यावर बघायचो. जुने चाहते वैतागले की हे नाटक आहे की म्यूझिक व्हिडिओ. मला ते आवडलं, कारण विसरली गेलेली सिनेमानटी कॅमेऱ्यासमोर जिवंत होते हीच तर गोष्ट आहे. तरी माझं मत ऑड्रालाच, आणि ह्यावर माझ्या मैत्रिणीशी माझं अजून पटलेलं नाही.

स्टार बघायला जाते का? हो, जाते की. 1981 मध्ये 'मेरिली वी रोल अलाँग' 16 प्रयोगांत बंद पडलं होतं, साँडहाइमच्या अपयशाचं उदाहरण म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. 2023 ला हडसन थिएटरमध्ये जोनाथन ग्रॉफ, लिंडसे मेंडेझ आणि डॅनियल रॅडक्लिफ घेऊन परत आलं, हॅरी पॉटरला बघायला आलेली पोरं डोळे पुसत बाहेर पडली, आणि ग्रॉफ, रॅडक्लिफ दोघांनाही टोनी मिळालं. स्टारनं प्रेक्षक आणला, पण थांबवलं त्या गाण्यांनी. मला राग येतो तो तिकिटांच्या भावाचा, कारण स्टार आला की बाल्कनीसुद्धा परवडेनाशी होते आणि ज्यांनी हे सगळं पहिल्यांदा बघायला हवं ती विद्यार्थी पोरं स्वस्त तिकिटांच्या लॉटरीच्या भरवशावर राहतात.

आणि एक, प्लेबिलमधून, म्हणजे दारात मिळणाऱ्या नाटकाच्या माहितीपुस्तिकेतून, ती छोटी चिठ्ठी खाली पडली, की आज अमुक भूमिका दुसरी कुणीतरी करणार आहे, तर तोंड वाकडं करून लगेच पैसे परत मागायला बॉक्स ऑफिसकडे धावू नका. 'सनसेट'मध्ये ठरावीक प्रयोगांना निकोलच्या जागी मँडी गोन्झालेझ उभी राहायची, 'इन द हाइट्स' या म्यूझिकलमधली पहिली नीना, आणि तिचं गाणं ऐकायला मुद्दाम तेच दिवस धरून जाणारे लोक मला माहीत आहेत.