खिरीची नोंदवही: दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं?

तांदळाची खीर मी बरीच वर्षं अंदाजाने करत आले. कधी ती छान जमायची, कधी दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढली की सुरीने वड्या पडाव्यात इतकी घट्ट झालेली असायची. नेमकं काय बदलतं ते कळावं म्हणून आठ आठवड्यांपूर्वी एक वही सुरू केली. माप ठरवून टाकलं: १ लिटर सायीचं दूध, ६० ग्रॅम तांदूळ, ८० ग्रॅम साखर. पद्धत बदलायची, माप शक्यतो नाही. प्रत्येक खिरीचे दोन शेरे लिहायचे, एक गॅसवरून उतरवल्यावर आणि दुसरा फ्रिजमध्ये रात्र काढल्यावर. माझा सगळा जीव त्या दुसऱ्या शेऱ्यात अडकला आहे.

पहिले तीन आठवडे फक्त साध्या पातेल्यातली खीर केली. तांदूळ अर्धा तास भिजवून निथळले, जाड बुडाच्या पातेल्यात दुधाला उकळी आणली, तांदूळ घातले, आच मंद केली आणि दर दोन-तीन मिनिटांनी बुडापासून ढवळत राहिले. शीत बोटाने सहज चेपलं गेलं की साखर. पहिल्या वेळी खीर गॅसवरच दाट दिसेपर्यंत आटवली. गरम असताना अप्रतिम होती. सकाळी चमचा उभा राहिला.

कारण स्टार्चमध्ये आहे. तांदळातला स्टार्च साधारण ६० ते ७८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो, आणि त्यातला थोडा दाण्याबाहेर दुधात उतरतो. तोच दूध दाट करतो. पण काम तिथे संपत नाही. थंड होताना त्यातला अमायलोज हा सरळ साखळीचा भाग पुन्हा एकमेकांजवळ येऊन जाळं विणतो आणि पाणी त्यात अडकतं. म्हणजे गॅसवर दिसणारा दाटपणा हा शेवटचा दाटपणा नाहीच. दिसण्यावर विसंबायचं नाही असं ठरवून मी वजनकाटा काढला. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं आणि उतरवताना भरलेल्या पातेल्याच्या वजनातून ते वजा करायचं. १ लिटर दूध साधारण १,०३० ग्रॅम भरतं. साखरेसकट खीर ७६० ग्रॅमवर आणली तर सकाळी गच्च, ९२० वर ठेवली तर सकाळीही दूध वेगळं आणि शितं वेगळी. ८५० वर थांबले तेव्हा सकाळी ती पळीवाढी होती, वाटीत पसरत होती पण वाहत नव्हती. तीन वेळा पडताळून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. उतरवताना ही खीर डोळ्यांना पातळच वाटते आणि हात आपोआप गॅसकडे जातो. तो आवरावा लागतो.

साखरेबद्दलही एक खूण पक्की झाली. साखर सुरुवातीलाच घातली तर ती पाणी स्वतःकडे ओढून धरते, स्टार्च फुगायला जास्त तापमान लागतं आणि शितं मऊ व्हायला वेळ जातो. माझ्या वहीत हा फरक १४ मिनिटांचा आहे. गुळाची एक खीर मात्र फाटली. उकळत्या खिरीत गूळ घातला आणि डोळ्यांदेखत दुधाचे कण झाले. गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात, आणि गरम दुधातलं केसीन हे प्रथिन ते सहन करत नाही. पुढच्या वेळी खीर उतरवून कोमट होऊ दिली, गूळ थोड्या पाण्यात वेगळा विरघळवून, गाळून, गार करून घातला. फाटली नाही.

चौथा आठवडा कुकरचा. दूध थेट कुकरमध्ये घालायचा धीर मला झाला नाही. दूध-तांदूळ फेसाळून शिटीच्या वाटेत अडकले तर ते धोक्याचं आहे. म्हणून खाली पाणी, वर उंच डबा, डब्यात अर्धं माप, आणि मंद आचेवर २५ मिनिटं. आत साधारण १२० अंशांपर्यंत तापमान जातं, त्यामुळे दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जोडली जाऊन फिकट बदामी रंग येतो आणि आटीव दुधाचा वास येतो, तोही न ढवळता. वास मला फार आवडला. पण डब्यातून वाफ जवळजवळ बाहेर जात नाही, म्हणजे दूध आटतच नाही, आणि शितं मात्र फुटून जातात. नंतर पातेल्यात ओतून दहा मिनिटं उघडी उकळली तेव्हा कुठे बसली. सकाळचा शेरा: गुळगुळीत, पण शीत दाताखाली येत नाही. ज्यांना एकजीव खीर हवी त्यांच्यासाठी चांगली वाट आहे.

उरलेल्या भाताची खीर एकदाच केली. भात आधीच पाणी पिऊन बसलेला आणि रात्रभरात त्यातला स्टार्च पुन्हा आवळला गेलेला, त्यामुळे दुधाला द्यायला त्याच्याकडे फारसं काही राहत नाही. एक तृतीयांश भात पळीने घोटून मगच घातला तर बरी होते. घाईच्या दिवशी पुरेल.

भरड वाटलेल्या तांदळाच्या खिरीला मापाचा नियम मोडावा लागला. ६० ग्रॅम भरड म्हणजे खळच होईल, म्हणून ४० ग्रॅम घेतले. भिजवलेले तांदूळ रव्याइतके जाडसर वाटले आणि वाटीभर थंड दुधात कालवून मगच उकळत्या दुधात धार धरून सोडले. कोरडी भरड थेट गरम दुधात टाकली तर तिचं बाहेरचं आवरण क्षणात चिकट होतं, आत पाणी जात नाही आणि गुठळ्या होतात. १५ मिनिटांत शिजली. मातीच्या वाट्यांमध्ये ओतून गार केली, सकाळी वरून छान थरथरत होती. सगळ्यांत कमी वेळात सगळ्यांत सुबक दिसणारी खीर हीच.

ओव्हनमधली खीर मी इतकी उशिरा का केली, याची हळहळ वाटते. इथेही माप बदललं: झाकण नसलेल्या पसरट भांड्यात १ लिटर दूध, ९० ग्रॅम आखूड दाण्याचा तांदूळ, साखर सुरुवातीलाच, वर थोडं लोणी आणि जायफळ. ओव्हन १५० अंशांवर. पहिल्या तासात तीनदा ढवळलं, मग हातच लावला नाही. एकूण दोन तास. पातेल्यात आपण साय मोडत राहतो. इथे ती मुद्दाम धरू द्यायची. पृष्ठभागावरचं पाणी उडतं, प्रथिनं एकत्र येऊन पापुद्रा बनतो, तो हळूहळू तपकिरी होतो आणि त्याच्याखाली खीर अगदी शांतपणे शिजते. बुडाला लागण्याची भीती नाही, खालून आच नसल्यासारखीच. चमचा घातला की आधी चिवट खमंग पापुद्रा, मग मऊसूत खीर. दोन तासांनी ओव्हन उघडल्यावर स्वयंपाकघरात पसरलेला वास मी वहीत शब्दांत धरायचा प्रयत्न केला, जमला नाही. आखूड दाण्यात अमायलोज सहसा कमी असतं, म्हणून सकाळीही ती लांब दाण्याच्या खिरीइतकी आवळली नव्हती.

आता ज्या कोड्याने माझे दोन आठवडे खाल्ले ते. अंड्याचे दोन बलक घालून खीर केली, रात्री दाट, रेशमी. सकाळी पाणचट! पुन्हा केली, पुन्हा तेच. आटवणं, वजन, तांदूळ सगळं जागेवर होतं. मग लक्षात आलं की बलकात अमायलेज असतं, म्हणजे स्टार्च तोडणारं विकर (एन्झाइम). बलक फाटतील या भीतीने मी खीर ८० अंशांच्या खालीच ठेवली होती, त्यामुळे ते विकर शाबूत राहून रात्रभर स्टार्चच्या साखळ्या तोडत बसलं. तिसऱ्या वेळी बलकात आधी गरम खीर चमचा-चमचा मिसळली, मग सगळं पातेल्यात ओतून सतत ढवळत एक हलका कढ येऊ दिला. सुटलेल्या स्टार्चमुळे बलक फाटले नाहीत आणि सकाळी खीर जशीच्या तशी होती.

याच धाग्याने एक जुनं कोडंही सुटलं. बलक नसलेली माझी एक खीर पूर्वी अशीच विनाकारण पातळ झाली होती. लाळेतही अमायलेज असतं. गार झालेल्या खिरीची चव बघून तोच चमचा मी परत भांड्यात बुडवला होता. खात्री करायला एकाच खिरीच्या दोन वाट्या ठेवल्या, एकीत चाटलेला चमचा फिरवला, दुसरीत स्वच्छ. सकाळी पहिली वाटी तिरपी केली की कडेला पाणी येत होतं. तेव्हापासून चव बघायचा चमचा वेगळा, आणि चव उकळतानाच बघते.

साठवणीबाबत एवढंच: भातावरच्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट खिरीत वाढतात. म्हणून मी खीर पसरट भांड्यात ओतून लवकर गार करते, दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये जाते.

या आठवड्यात ८५० ग्रॅमची तीच पातेल्यातली खीर, पण तांदूळ अर्धे आखूड, अर्धे लांब. लांब दाणा शीत म्हणून दाताखाली यावा आणि आखूड दाण्याने दूध दाट करावं अशी कल्पना आहे. काल रात्री उतरवली ती ८४६ वर. सकाळी वाटीत काढली तेव्हा थोडी जास्तच सैल होती, शितं मात्र अगदी हवी तशी. पुढच्या वेळी आखूड तांदूळ दहा ग्रॅमने वाढवणार आहे.