अवतरणवही : या खेपेला ओळखीचेच शब्द

पावसाळ्यापासून वहीचा रोख बदलला आहे. आधी एखादा भारदस्त, अनोळखी इंग्रजी शब्द दिसला की त्याचं वाक्य उतरवून घ्यायचो. आता ज्यांचा अर्थ आपल्याला येतोच असं आपण धरून चालतो, त्या शब्दांची अवतरणं जमवतो आहे. या कामात इतकी गोडी लागेल असं वाटलं नव्हतं.

हे सुचलं ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या इतिहासावरून. तो कोश अवतरणांवरच उभा आहे. जेम्स मरे यांनी १८७९ साली संपादनाची सूत्रं घेतली आणि वाचकांना आवाहन केलं : पुस्तकं वाचा, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, सोबत लेखक, साल आणि पान लिहा, आणि पाठवून द्या. संपादक त्या चिठ्ठ्या सालवार लावून अर्थ ठरवत. पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ साल उजाडलं, आणि तिच्यात अठरा लाखांहून जास्त अवतरणं आली. पण मरे यांची एक तक्रार होती. वाचक दुर्मीळ शब्द हौसेने टिपायचे आणि साधे शब्द सोडून द्यायचे. ‘ॲब्यूजन’ या जुनाट शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या होत्या, आणि रोजच्या वापरातल्या ‘ॲब्यूज’च्या पाचसुद्धा नाहीत! हे वाचलं आणि माझी वही कुठे वळवायची ते ठरलं.

पहिलं अवतरण टिळकांचं. २२ जुलै १९०८, मुंबईतला राजद्रोहाचा खटला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर ते जे बोलले ते आज मुंबई उच्च न्यायालयात फलकावर कोरलेलं आहे. त्यात ‘आय मेन्टेन दॅट आय ॲम इनोसंट’ असं येतं. आपल्याकडे मेन्टेन म्हटलं की गाडी, सोसायटी, वजन. इथे राखण्यासारखी वस्तूच नाही. मेन्टेनच्या पाठोपाठ ‘दॅट’ येतं आणि त्यामागे एक पूर्ण विधान. ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे हेच माझं ठाम म्हणणं आहे. शब्दाच्या उजवीकडे काय बसलंय ते आधी बघायचं, ही सवय मला या वाक्याने लावली. पुढे त्याच निवेदनात ‘कॉज’ आहे : ज्या ‘कॉज’चा मी प्रतिनिधी आहे ते माझ्या सुटकेपेक्षा माझ्या हालांनीच अधिक फोफावावं, अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल. तिथे ‘कारण’ घालून पाहा, वाक्य उभंच राहत नाही. ‘कार्य’ घातलं की लगेच उभं राहतं.

दुसरं नेहरूंचं, १४ ऑगस्ट १९४७च्या रात्रीचं. सगळे ‘ट्रिस्ट विथ डेस्टिनी’मधल्या ‘ट्रिस्ट’वर, म्हणजे नियतीशी केलेल्या संकेतावर थांबतात, मला पुढचं ‘रिडीम अवर प्लेज’ जास्त मोलाचं वाटतं. प्लेज म्हणजे शपथ, तसंच गहाणही. रिडीम म्हणजे गहाण टाकलेलं सोडवून आणणं. दोन्ही अर्थ एकत्र धरले तर दिलेला शब्द ही कुणाकडे तरी अडकलेली ठेव होते, आणि आज ती सोडवायची वेळ आलेली असते. मराठीत ‘नवस फेडणं’ याच्या बरंच जवळ जातं. त्यानंतरचं ‘सबस्टॅन्शियली’ तर कोश न उघडता कळतं. आधी ‘नॉट होली’, मग ‘ऑर इन फुल मेझर’, आणि मग ‘बट व्हेरी सबस्टॅन्शियली’. पूर्णपणे नाही, भरभरून मापाने नाही, पण बऱ्याच मोठ्या अंशी. वाक्यानेच मोजपट्टी आखून दिली आहे.

आणि आता ज्यावर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते. ४ नोव्हेंबर १९४८, संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की संविधानिक नैतिकता ही काही नैसर्गिक भावना नाही, ‘इट हॅज टू बी कल्टिव्हेटेड’. लगेच पुढे, भारतातली लोकशाही ही भारतीय ‘सॉइल’वरचं केवळ ‘टॉप-ड्रेसिंग’ आहे, आणि ती जमीन मुळात लोकशाहीविरोधी आहे. टॉप-ड्रेसिंग एकटं वाचलं तर सजावट, वरचा मुलामा असं काही मनात येतं. पण शेजारी सॉइल आहे. म्हणजे हे वरखत आहे : जमिनीत न मिसळता वरच्यावर दिलेलं. मग नजर मागे जाते आणि ‘कल्टिव्हेटेड’ही मशागतीचा होऊन बसतो. एरवी आपण तो ‘जोपासणं’ म्हणून गुळगुळीत करून टाकतो. तीन शब्द एकमेकांचा अर्थ पक्का करतात आणि अख्खा युक्तिवाद शेतात उभा राहतो : वरखत देऊन भागणार नाही, मशागतच करावी लागेल. समानार्थी शब्दांची कुठलीही यादी हे देऊ शकणार नाही. म्हणून मी नवशिक्यांना हेच अवतरण पहिल्यांदा दाखवतो.

कार्डांची पद्धत विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. वही असो की अँकी (उजळणीची कार्डं बनवायचं ॲप), पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. मागे शब्द, वक्ता, तारीख, प्रसंग आणि अख्ख्या वाक्याचं माझं मराठी. सुटा अर्थ लिहीत नाही. अंदाज पेन्सिलने आधी, कोश नंतर.

तारखेबद्दल मी हट्टी आहे. फिरणारी सुविचारांची चित्रं वहीत घेत नाही. ‘बी द चेंज’ हे गांधीजींच्या नावावर जगभर खपणारं वाक्य त्यांच्या लेखनात त्या शब्दांत सापडतच नाही. प्रसंग नसला की शब्द कुणाला उद्देशून, कशाच्या उत्तरादाखल आला ते कळत नाही, आणि अर्थाचा अर्धा आधार तिथेच जातो. संविधान सभेच्या चर्चांचे छापील वृत्तान्त त्यासाठी सोन्यासारखे आहेत. तारीख, वक्ता, आधीचा प्रश्न, सगळं हाताशी.

सध्या लिंकनचं १९ नोव्हेंबर १८६३चं, अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवरचं भाषण घेतलं आहे. जेमतेम २७० शब्दांचं, आणि त्यात ‘डेडिकेट’ सहा वेळा. आधी राष्ट्र एका तत्त्वाला वाहिलेलं, मग रणभूमीचा तुकडा मृतांना अर्पण करायचा, मग ‘आपण ही भूमी अर्पण करूच शकत नाही’, आणि शेवटी जिवंत माणसांनीच अपुऱ्या कामाला वाहून घ्यायचं. सहाही कार्डं झाली आहेत, पण मराठीत एकच क्रियापद सहा ठिकाणी चालवायचं म्हटलं तर ‘वाहणं’ जमिनीपाशी अडखळतं आणि ‘अर्पण करणं’ राष्ट्रापाशी. कुणाला दोन्हीकडे बसणारं सुचलं तर कळवा.