वास

"हिनंही वास घेतला. पण शेपूट हलवत," दादा म्हणाला.

आज व्यसनमुक्ती केंद्रात भेटीचा दिवस. एक ताई त्यांची म्हातारी लॅब्रॅडोर घेऊन आलेल्या. (चांगलीच जाड. लाड होत असणार!) ती सरळ दादाकडे गेली, त्याचा थरथरता हात हुंगला आणि त्यावरच हनुवटी टेकून बसली. थरथर काही थांबली नाही. तीही हलली नाही.

१९६० च्या दशकात बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन मानसतज्ज्ञाच्या खोलीत जिंगल्स हा कुत्रा असला, की गप्प मुलं बोलू लागायची, असं वाचलेलं. तेव्हा नुसती गंमत वाटली होती.

घरी दादा आला की दार उघडायला मीच धावायचे. तोंडाचा वास घ्यायला.

महिनाअखेरीस तो परत येतोय. दार कुणी उघडायचं?