पोळी सोडली, आणि तपासणी अडली

गेल्या पावसाळ्यात मला जुलाब सुरू झाले. इंदूरला पावसाळ्यात पोट बिघडणं नवीन नाही, म्हणून आठवडाभर ओआरएस आणि मूगडाळीच्या खिचडीवर काढलं. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं. नवरात्र आलं तरी दिवसातून पाच-सहा वेळा जावंच लागत होतं. शौच फिकट, तेलकट, भांड्याला चिकटणारं. दोन बादल्या पाणी ओतलं तरी निघत नसे. लिहायला संकोच वाटतो, पण निदानाला हीच गोष्ट उपयोगी पडली. वजन ५६ वरून ४८ किलोवर आलं. रामबागेतून राजवाड्यापर्यंत चालत गेलं तरी धाप लागायची.

आत्या म्हणाली, "अगं, गहू बंद करून बघ." मी पोळी सोडली, भात आणि ज्वारीवर आले. तीन आठवड्यांत पोट बरंचसं शांत झालं.

दिवाळीनंतर पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी नुसतं विचारलं. झोपेतून उठून जावं लागतं का? रक्त पडतं का? संध्याकाळी ताप येतो? दूध प्यायल्यावर वाढतं? पित्ताशय काढलंय? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे? चार आठवड्यांच्या वर जुलाब राहिले की कारणं वेगळी शोधावी लागतात, असं ते म्हणाले. जिआर्डियासारखे परजीवी, आतड्याचा टीबी, मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण, जास्त काम करणारी थायरॉइड ग्रंथी, आयबीएस (आतड्यात इजा दिसत नसताना पोट सतत बिघडणं). रक्त, ताप, घटतं वजन किंवा रात्रीचे जुलाब असतील तर नुसतं आयबीएस म्हणून सोडून द्यायचं नाही. माझं हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे बरंच कमी होतं. त्यांना सीलिअॅक या आजाराचा संशय आला: गव्हा-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं.

मी आनंदाने सांगितलं, "गहू तर मी बंदच केलाय!" त्यांनी पेन खाली ठेवलं. गहू थांबला की या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटिबॉडी उतरतात, आतडंही भरून यायला लागतं. आता तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. सहा आठवडे रोज दोन्ही वेळा पोळी खाऊन मग या, म्हणाले.

ते सहा आठवडे फार कठीण गेले. सासूबाई घडीची पोळी माझ्या ताटात वाढताना थांबायच्या. "वाढू का नको गं तुला?" विचारायच्या, आणि मी खायची. चौथ्या दिवशी सगळं परत सुरू झालं. घरात कुणी बोलत नसे, पण मी न्हाणीघरातून बाहेर आले की लिंबू-साखर-मिठाचं पाणी तयार असायचं.

मग त्या अँटिबॉडी मोजणारी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी झाली. सोबत एकूण आयजीए (त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी) ही, कारण तेच कमी असेल तर पहिली तपासणी फसते. टीटीजी खूप वाढलेलं निघालं. एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून नळी घालून, लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेतले. गळ्यात बधिर करणारा फवारा मारला होता, दहा मिनिटांत झालं. त्या तुकड्यांच्या तपासणीत (बायोप्सीत) अन्नरस शोषणारे रसांकुर सपाट झालेले दिसले. खाल्लेलं अंगी का लागत नव्हतं, हे तेव्हा कळलं.

औषध असं नाही. गहू, जव, मैदा, रवा आयुष्यभर बंद. दाल-बाफले गेले, सकाळचे पोहे राहिले, जिलबी गेली. खरी अडचण लपलेल्या गव्हाची. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात "गव्हाचं पीठ" लिहिलेलं सापडलं, तेव्हा मी ओट्यापाशीच बसले. रोजच्या फोडणीत ते जात होतं! ज्वारीही गव्हानंतर त्याच चक्कीत दळली की उपयोग नाही, म्हणून आता घरीच दळते.

आठ महिन्यांत वजन ५४ झालंय. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला हा आजार निघतो, म्हणून देवासच्या धाकट्या बहिणीला तपासायला लावलं. तिला जुलाब नाहीत, पण हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं कमीच. परवा तिने रक्त दिलं. रिपोर्ट येऊन डॉक्टर सांगेपर्यंत पोळी सोडू नकोस, असं तिला रोज फोन करून बजावते आहे.